चढणारा पाय, उतरणारा पाय

मयूर विहारच्या पहिल्या टप्प्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या जुन्या इमारती बहुधा तीन-चार मजल्यांच्या आहेत आणि त्यांतील कितीतरी इमारतींना आजही लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन वर जाताना दम लागतो, उतरताना काहीच जाणवत नाही. त्यामुळे चढणे म्हणजे कष्ट आणि उतरणे म्हणजे फुकटचा प्रवास, असा हिशेब मनात पक्का बसतो. मेट्रोच्या स्थानकावरही सरकता जिना एकच असेल, तर तो बहुधा वर जाणारा असतो. श्वास आणि हृदय यांच्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूचा हिशेब मात्र वेगळा आहे. आणि ज्यांना आनुवंशिक स्नायुविकार आहे त्यांच्या बाबतीत या दोन हिशेबांतील फरक उमगायला वैद्यकशास्त्राला सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली.

साठ किलो वजनाचा माणूस तीन मीटर उंचीचा मजला चढतो तेव्हा त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे १,७६० ज्यूलने वाढते. ही ऊर्जा स्नायूंच्या आकुंचनातून येते. स्नायू ताण देतो आणि त्याच वेळी आखूड होत जातो. उतरताना तेवढीच ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, नाहीतर माणूस कोसळेल. ते कामही तोच स्नायू करतो, पण ब्रेकसारखे: तो ताण देत राहतो आणि शरीराचे वजन त्याला ओढून लांब करत जाते. असा लांबत जाणारा तंतू आखूड होणाऱ्या तंतूपेक्षा अधिक ताण पेलतो. म्हणून शरीर थोडेच तंतू कामाला लावते, प्राणवायू कमी लागतो आणि दम लागत नाही. थोड्या तंतूंवर मोठा भार, अशी ही स्वस्ताई आहे.

हे दाखवणारा एक गमतीदार प्रयोग १९५२ साली लंडनमध्ये झाला. ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पॅडल नेहमीसारखे पुढे मारायचे, दुसऱ्याने त्याला अडवत राहायचे. वेग तोच, बलही तेच; परंतु अडवणाऱ्याला लागणारा प्राणवायू फारच कमी भरला. रॉयल सोसायटीतील प्रात्यक्षिकात एका तरुणीने स्वतः फारशी न थकता एका तरुणाला दमवून टाकले, तेव्हा जमलेल्या विद्वानांची चांगलीच करमणूक झाली असणार. पुढे १९८३ मध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एका पायरीवर चढ-उतार करायला लावले. चढताना नेहमी एकच पाय वापरायचा आणि उतरताना नेहमी दुसरा. दुसऱ्या दिवशी दुखला तो उतरणारा पाय. स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तंतूंच्या आतील सुबक रचना विस्कटलेली दिसली तीही त्याच पायात. चढणारा पाय दमला होता, पण शाबूत होता.

निरोगी स्नायू ही मोडतोड दुरुस्त करतो आणि पुढच्या वेळी तीच सहजपणे सोसतो. तालमीतील बैठका याच तत्त्वावर मांड्या घडवतात, कारण बैठकीत खाली जाण्याचा अर्धा भाग म्हणजे जिना उतरणेच आहे. पण ज्याच्या तंतूंचे आवरणच जन्मतः कच्चे आहे, त्याने बैठका माराव्यात का? की अंथरुणावर पडून राहावे?

हा प्रश्न विचारला जाण्याआधी रोग ओळखला जायला हवा होता. लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनी १८५२ मध्ये काही कुटुंबांतील मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलगे चालायला लागतात, मग हळूहळू दुबळे होत जातात, आणि एकाच घरात भाऊ-भाऊ आजारी पडतात. मृत्यूनंतर मेरियन यांनी मज्जारज्जू तपासला, तो निर्दोष होता. म्हणजे दोष मज्जासंस्थेत नसून स्नायूतच होता. स्नायुतंतूंचे बाहेरचे आवरण फाटलेले दिसते, असेही त्यांनी नोंदवून ठेवले. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादा पाहता ही नोंद विलक्षण आहे. तिचे मोल कळायला पुढचे शतक उजाडावे लागले, आणि रोगाला नाव मिळाले ते पॅरिसच्या डुशेन यांचे. डुशेन यांनी जिवंत रुग्णाच्या स्नायूचा तुकडा काढण्यासाठी खास सुई बनवली होती आणि १८६८ मध्ये त्यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू चेतवणे हा त्यांचा आवडता उपाय. तो इथे उपयोगी पडला नाही. १८७९ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी एक खूण सांगितली, जी आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो: जमिनीवर बसलेला मुलगा आधी हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. मांडीचा स्नायू जे करू शकत नाही, ते हात करतात.

या मुलांच्या पिंढऱ्या भरदार दिसतात. भारतीय घरांत यातून एक वेगळीच फसगत होते. पिंढऱ्या पैलवानासारख्या आणि पोरगा मात्र जिन्यात मागे राहतो, म्हणजे नक्कीच आळशी, असा निष्कर्ष निघतो. मग तेलाची मालीश, पहाटे धावणे, बैठका. पिंढरीची ती जाडी स्नायूची नसून बव्हंशी चरबी व तंतुमय ऊतींची असते, हे कळेपर्यंत काही वर्षे गेलेली असतात.

विसाव्या शतकात डॉक्टरांचे दोन तट पडले. हाड मोडून काही आठवडे अंथरुणावर पडलेला डुशेनग्रस्त मुलगा पुन्हा चालू शकला नाही, असे अनेकांनी पाहिले होते. ते म्हणत, विश्रांती घातक आहे. दुसऱ्या बाजूला पोलिओचा अनुभव होता. अर्धवट निकामी झालेल्या स्नायूला राबवले तर तो अधिकच दुबळा होतो, असे १९५८ मध्ये बेनेट आणि नोल्टन यांनी मांडले, आणि ती भीती स्नायुविकारांकडेही सरकली. १९६६ मध्ये व्हिग्नोस आणि वॉटकिन्स यांनी रुग्णांना वर्षभर व्यायाम देऊन पाहिला. सुरुवातीचे काही महिने ताकद थोडी वाढली, नंतर स्थिरावली. १९७१ मध्ये जॉन्सन आणि ब्रॅडम यांनी चेहरा व खांदे दुबळे करणाऱ्या विकाराचे एक कुटुंब वर्णिले. ज्या हाताने काम अधिक, तोच हात अधिक दुबळा, असे त्यांना दिसले. निरीक्षणे खोटी नव्हती. तरी दोन्ही तटांची एक चूक सारखीच होती: व्यायाम किती, एवढाच प्रश्न ते विचारत होते. कोणता व्यायाम आणि कोणता रोग, हे दोन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरले होते. अर्थात त्या वेळी रोग वेगळे करण्याचे साधनच हाती नव्हते.

ते साधन १९८६-८७ मध्ये आले. बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने क्ष गुणसूत्रावरील जनुक शोधले आणि त्यातून घडणाऱ्या प्रथिनाला ‘डिस्ट्रॉफिन’ हे नाव मिळाले. हे अवाढव्य प्रथिन, ३,६८५ अमिनो आम्लांचे, तंतूच्या आतील सांगाड्याला त्याच्या आवरणाशी बांधून ठेवते. मेरियन यांना जे आवरण फाटलेले दिसले, त्याच्या आतल्या बाजूचा हा टेकू. तो नसेल तर काय होते हे १९९३ मध्ये पेट्रॉफ, स्वीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंवर दाखवले. निरोगी तंतूच्या आत शिरू न शकणारा रंग भोवती ठेवून त्यांनी स्नायू आकुंचित केला. जिथे आवरण फाटले तिथे रंग आत गेला. लांबत जाणाऱ्या आकुंचनात डिस्ट्रॉफिन नसलेले तंतू सर्वाधिक फाटले. आणि या निबंधातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा: नुकसान किती होते हे आकुंचनांच्या संख्येवर नव्हे, तर स्नायूवर आलेल्या कमाल ताणावर अवलंबून होते.

यंत्रशास्त्र शिकलेल्याला हे ओळखीचे वाटेल. धातू थकून तुटतो तेव्हा आवर्तनांची संख्या मोजावी लागते. दोर त्याच्या क्षमतेपलीकडच्या एका हिसक्यानेही तुटतो. स्नायुक्षयाच्या बाबतीत डॉक्टर इतकी वर्षे थकव्याचे गणित मांडत होते आणि स्नायू हिसक्याच्या नियमाने वागत होता. शंभर वेळा हलके वल्हवणे चालेल, एक उडी चालणार नाही. डुशेनग्रस्त मुलांना ट्रॅम्पोलिनपासून दूर ठेवण्याचा आजचा सल्ला यातूनच आला. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक शिफारशीही हेच सांगतात: क्षमतेच्या आत राहणारी हलकी, दमश्वास वाढवणारी हालचाल हवी; जड वजने आणि लांबत जाणारा ताण नको.

सायकल मग पुन्हा प्रयोगशाळेत आली. पॅडल मारताना मांडीचा स्नायू जवळजवळ सर्व वेळ आखूड होत काम करतो. उतरण्याचा भाग त्यात नाहीच. कोपनहेगनमध्ये डुशेनचाच सौम्य भाऊ असलेल्या बेकर विकाराच्या ११ रुग्णांनी १२ आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची ५० सत्रे केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली, आणि स्नायू फाटल्यावर रक्तात झिरपणारे क्रिएटिन कायनेज वाढले नाही. नेदरलँड्समध्ये ३० डुशेनग्रस्त मुलांपैकी काहींना मोटारीचे साहाय्य असलेली हात-पायांची सायकल २४ आठवडे चालवायला दिली. २०१३ मधील त्या चाचणीत सायकल चालवणाऱ्या मुलांची एकूण हालचाल-क्षमता टिकून राहिली, न चालवणाऱ्यांची घटली. मात्र सायकलवरच घेतलेल्या सहनशक्तीच्या परीक्षेत दोन गटांत स्पष्ट फरक पडला नाही. व्यायामाने रोग बरा होत नाही. न वापरल्यामुळे होणारी जादाची झीज तेवढी टळते.

दुसरा प्रश्न, कोणता रोग, हा भारतासाठी अधिक मोलाचा आहे आणि त्याचे काही उत्तर मुंबईत सापडले.

कमरेभोवतीचे व खांद्याचे स्नायू दुबळे करणाऱ्या विकारांचा एक मोठा गट आहे. त्यातील एक प्रकार कॅल्पेन-३ या प्रथिनाच्या अभावाने होतो. त्याचे जनुक १९९५ मध्ये फ्रान्समध्ये इझाबेल रिशार आणि सहकाऱ्यांनी शोधले, ते हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरच्या कुटुंबांच्या मदतीने. बेटावर आपसांत लग्ने होत आल्याने सर्वांत एकच उत्परिवर्तन मिळेल, अशी अपेक्षा होती. मिळाली किमान सहा. भारतात याच्या उलट घडले. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ सतीश खाडिलकर, रश्ना दस्तूर, आणि अटलांटातील मधुरी हेगडे यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की, अगरवाल समाजातील रुग्णांत त्याच जनुकातील दोन ठरावीक उत्परिवर्तने पुन्हा पुन्हा आढळतात. म्हणजे ती कुणा मोजक्या पूर्वजांकडून आलेली आहेत.

या समाजाच्या परंपरेत मूळ गाव म्हणजे दिल्लीच्या वायव्येला, हिसारजवळचे अग्रोहा, आणि गोत्रे अठरा, किंवा परंपरेच्या भाषेत साडेसतरा. लग्न स्वगोत्रात करायचे नाही, पण समाजाबाहेरही करायचे नाही, असा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. गोत्राच्या नियमाने जवळचे नातेसंबंध टळले. समाजाच्या कुंपणाने मात्र जुने उत्परिवर्तन आतच फिरत राहिले. एका समाजाचे नाव घेताना जपून बोलावे लागते. यात दोष कुणाचाच नाही आणि हे केवळ त्यांचेच नाही. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ गटांच्या जनुकीय अभ्यासात ८१ गट असे आढळले की, त्यांच्या इतिहासातील ‘मोजक्या पूर्वजांचा’ प्रसंग फिनलंडच्या लोकांहून किंवा अश्केनाझी ज्यूंहून तीव्र होता. आपल्याकडची कोणतीही जात घेतली तरी तिच्या पोटात असे काही असण्याची शक्यता आहे. शोधले गेले ते दिसले, एवढेच.

खाडिलकरांच्याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक दुवा जोडला. जीएनई नावाच्या जनुकातील दोषाने होणाऱ्या स्नायुविकाराचे राजस्थानी वंशाचे रुग्ण तपासले असता, युरोपातील रोमा लोकांत आढळणारे उत्परिवर्तन त्यांच्यात मिळाले. सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेल्या लोकांच्या स्नायूंत ती खूण टिकून होती. या विकाराचा एक विशेष असा की, पाऊल उचलणारे स्नायू आधी जातात आणि मांडीचा पुढचा स्नायू बराच काळ वाचतो. रुग्ण सपाट फरशीवर ठेचकाळतो, पण जिना चढू शकतो. डुशेनच्या मुलाचे नेमके उलट. दोघांना एकाच ‘स्नायूंच्या अशक्तपणा’खाली घालून एकच व्यायाम सांगणे किती निरर्थक आहे, हे यावरून कळावे. दिल्लीत या विकारासाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे प्राध्यापक आलोक आणि सुधा भट्टाचार्य यांनी संस्था उभी केली. आयुष्यभर परजीवींवर संशोधन केलेल्या या दांपत्याने, विकार स्वतःच्या घरात आल्यावर, त्याच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला.

डिस्फर्लिनच्या अभावाने होणारा विकार तर सर्वांत दुष्ट थट्टा करतो. डिस्फर्लिन फाटलेले आवरण शिवण्याचे काम करते. तो नसलेली मुले लहानपणी सशक्त असतात, त्यांच्यापैकी बरेच जण चांगले खेळाडूही असतात. मग विशीच्या आसपास पिंढऱ्या उतरू लागतात. लखनौच्या सुनील प्रधान यांनी २००८ मध्ये अशा रुग्णांच्या मांडीवर, स्नायू ताणला असता, हिऱ्याच्या आकाराचा उंचवटा दिसतो हे दाखवले. महागड्या यंत्राशिवाय, केवळ नजरेने रोगाचा माग काढणारी ही भारतीय खूण जगभरच्या तज्ज्ञांनी स्वीकारली. २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले की, किशोरवयात जोरदार व्यायाम केलेल्या डिस्फर्लिन-रुग्णांत लक्षणे लवकर सुरू झाली होती. हा अभ्यास जुन्या आठवणींवर आधारलेला आहे, त्यामुळे कार्यकारणाबद्दल बेताने बोलावे. तरीही इथे ‘व्यायाम कर, ताकद येईल’ हा घरचा सल्ला सावधगिरी मागतो.

आणि मॅकआर्डल यांचा रुग्ण पाहा. १९५१ मध्ये लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी ज्या माणसाचे वर्णन केले, त्याला थोड्याही श्रमाने स्नायूंत कळा येत. त्याच्या स्नायूंना साठवलेले ग्लायकोजेन मोडता येत नाही. आवरण धड आहे, इंधनाची कोठी बंद आहे. असे रुग्ण सावकाश चालत राहिले तर आठ-दहा मिनिटांनी रक्तातील साखर व मेद यांचा पुरवठा वाढतो आणि पाय अचानक हलके होतात. २००३ मध्ये सिद्ध झाले की, श्रमाआधी साखरेचे पेय घेतल्यास हा टप्पा सुसह्य होतो. यांना नियमित चालणे हेच औषध आहे. एकाच दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या तीन रुग्णांना तीन विरुद्ध सल्ले, आणि तिन्ही बरोबर.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मस्क्युलर डिस्ट्रॉफीला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात डुशेन विकार आला, आणि उपचारांच्या खर्चासाठी पालक दिल्ली उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढले. वर्तमानपत्रांत मथळे येतात ते जनुकोपचाराचे. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या डुशेनवरील अशा उपचाराची किंमत ३२ लाख डॉलर होती. ही आशा खोटी म्हणता येणार नाही. पण नेमक्या जनुकाची तपासणी आणि त्यानुसार हालचालींचा आराखडा आखून देणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, या त्यापेक्षा कितीतरी स्वस्त गोष्टी आहेत. बातमीत त्यांना जागा मिळत नाही, आणि मुलाला रोज सकाळी उठल्यावर लागतात त्याच. वरच्या मजल्यावरचे घर सोडून तळमजल्यावर येणे हासुद्धा उपचाराचा भाग ठरू शकतो, आणि घरमालकाशी बोलताना त्यामागे विज्ञान आहे हे कुटुंबाला ठाऊक असलेले बरे.

हालचालीचे आणखी एक साधन म्हणजे कोमट पाण्याचा तलाव. मानेपर्यंतच्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्साच उरतो. शिवाय पाण्याचा रोध नेहमी गतीच्या विरुद्ध असतो; पाय पुढे न्या वा मागे, स्नायूला ढकलावेच लागते, आणि ढकलणारा स्नायू आखूड होत जातो. गुरुत्वाकर्षण जे फुकट ओढून लांबवते, ते पाणी करत नाही. काळजी घ्यावी लागते ती तलावातून बाहेर पडताना: तिथे पायऱ्यांऐवजी उतार किंवा यांत्रिक पाळणा हवा, कारण पाण्याबाहेर येताच शरीराचे सगळे वजन एकदम परत येते.